टर्बो की साधी

आफ्टन, स्टार व्हॅली
१२ जानेवारी

प्रिय दादा,

नाताळनंतर टपालाचं विमान तुझ्याकडे उतरलंच नाही असं कळलं. म्हणजे पार्सल आणि हे पत्र बहुधा एकदमच तुझ्या हातात पडेल. हकलबेरीचा जॅम तुझ्यासाठी आहे, खेचरांना चाटवायला नाही. लोकरीचे मोजे मी विणलेत. एक मोठा झालाय. तो डाव्या पायात घाल, तुझा डावा पाय तसाही मोठा आहे.

एक काम होतं. किपची बर्फावरची गाडी, ती जुनी स्नोमोबाइल, अखेर गेली. इंजिन उघडलं तर आत काही उरलंच नव्हतं म्हणे. पुढच्या हिवाळ्याची नवी गाडी आत्ता वसंतातच नोंदवावी लागते, हे तुला मी काय सांगू. एप्रिलच्या मध्यानंतर नोंदणी बंद, आणि त्यानंतर बदल नाही. किप रोज वेसच्या गाड्यांच्या दुकानात जाऊन बसतो. टर्बो घ्यायची की साध्या इंजिनाची, यावर दोघांची खलबतं चालतात. घरी आला की जेवताना तेच. त्याच्या दोस्ताने, लॅमारने टर्बो घेतली, लॅमारच्या भावाने घेतली, डोंगरावर आता सगळे टर्बोवाले. मी शाळेची बस चालवून दमून आलेली असते आणि हा मला हवेचा दाब समजावत असतो.

सगळ्या खोऱ्याच्या गाड्या इतकी वर्षं तुझ्या गॅरेजात उघड्या पडायच्या. तुझं तो ऐकतो. तेव्हा टर्बो की साधी, ते एकदाचं लिहून पाठव. या वर्षी घेऊच नये असं तुझं मत असेल तर तेही लिही. माझी हरकत नाही.

बाकी ठीक. किपला थोडा खोकला आहे. थंडीचा.

तुझी,
डार्ला


सॅमन नदीची दरी, आयडाहो
२५ जानेवारी

प्रिय डार्ला,

विमान आलं. वैमानिकाने पार्सल बर्फात टाकलं, इंजिन बंदही केलं नाही, गेला. मोजे दोन्ही डाव्या पायाचे आहेत. घातलेत.

नदी काठाकाठाने गोठली आहे. सकाळी खेचरांसाठी कुऱ्हाडीने बर्फ फोडतो. या कुरणाचा मालक हिवाळाभर इकडे फिरकत नाही, त्यामुळे वाद घालायला कुणी नसतं. म्हणून तुझा प्रश्न मला मेजवानीसारखा वाटला. तीन दिवस मनातल्या मनात किपशी भांडलो.

आता ऐक. वर नऊ हजार फुटांवर हवा पातळ. साध्या इंजिनाला तिथे चार घासांतला एक घास कमी मिळतो. टर्बो म्हणजे तोंडात घास कोंबणारी आई. पोरगं कितीही उंचावर जाऊ दे, उपाशी राहत नाही. उभ्या चढावर साधी गाडी जिथे दम टाकते, तिथून टर्बोवाली आणखी शंभर हात वर जाते. कुणी कितीही तोंड वाकडं करो, हे खरं आहे.

पण किपला विचार, त्या शंभर हातांवर तुझं काय ठेवलंय? बर्फाचा कडा सुटतो तो बहुतेक तिथूनच सुटतो. शिवाय टर्बोवाली वजनाला जड. भारीतलं पेट्रोल मागते. नळ्या, झडपा, तारा जास्त, म्हणजे बिघडायला जागा जास्त. आणि चाप दाबला की ती आधी श्वास घेते, मग उडी मारते. साधी गाडी श्वासबिश्वास घेत नाही. दाबलं की निघाली. किप आता पंचविशीतला नाही. त्याने साधी घ्यावी आणि लॅमारला वर जाऊन अडकू द्यावं.

घेऊच नये असं मी का म्हणेन? त्या माणसाला हिवाळ्यात गाडी नसेल तर तू त्याला घरात कशी सहन करशील?

थंडीचा खोकला नाताळच्या आधीपासून आहे का? तुझ्या मागच्या पत्रातही होता.

रुलन


आफ्टन
९ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या लक्षात येणार हे मला कळायला हवं होतं.

खोकला थंडीचा नाही. किपची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, चामडं वाळावं तशी. का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. थँक्सगिव्हिंगपासून त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी आहे. घरात एक यंत्र गुरगुरत असतं, बाहेर जाताना खांद्याला लहान बाटली. आयडाहो फॉल्सच्या डॉक्टर बाईंनी सरळ सांगितलं, या उंचीवर राहू नका, खाली कुठेतरी जा, पुढचा हिवाळा इथे काढू नका. डोंगरावर जायचा तर प्रश्नच नाही. किपने सगळं शांतपणे ऐकलं. परतताना गाडीत म्हणाला, "इंजिनाला टर्बो, मला नळी. वेसने मला दुकानात मांडून ठेवायला हरकत नाही." मी हसले.

तुला कळवलं नाही ते मार्वावहिनीमुळे. तिच्या आजारपणानंतर तू एका हिवाळ्यासाठी म्हणून त्या दरीत गेलास आणि अजून तिथेच आहेस. पुन्हा आजाराचीच बातमी तुझ्या दारात टाकायला हात धजला नाही.

आता तुला माझी खरी अडचण कळेल. ज्या माणसाला जिना चढवत नाही, तो पुढच्या हिवाळ्याची गाडी नोंदवायला निघालाय. मी विषय काढला की तो गाडीच्या पट्ट्याच्या लांबीवर येतो. याला मान्यच करायचं नाही असं मला वाटतं. मी ते तोडू की चालू देऊ? चर्चच्या बायका बटाटे शिजवून भांडी भरभरून आणून देतात आणि म्हणतात, त्याला आशा आहे हे किती छान. मला काही ते छान वाटत नाही. मला भीती वाटते.

कधीकधी तर तो भलतंच बोलतो. परवा भांडी घासताना मागे येऊन उभा राहिला आणि मला विचारतो, "तुझं वजन किती गं?" इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी विचारलं नव्हतं. मी फडकं फेकून मारलं. दुसऱ्या दिवशी वेसचा फोन. तोही आढेवेढे घेत तेच विचारायला लागला. त्याला मी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

डार्ला


सॅमन नदीची दरी
२२ फेब्रुवारी

डार्ला,

पत्र वाचून बाहेर गेलो आणि उगाचच लाकडं फोडत बसलो. खूप फोडली. आता दोन हिवाळे पुरतील.

किपबद्दल काय लिहावं मला सुचत नाही. सुचलं की लिहीन. पण एक गोष्ट तुला लगेच कळायला हवी. तुझं लग्न झाल्यापासून तू किपच्या उतरलेल्या गाड्या चालवल्यास, म्हणून तुला हे ठाऊक नाही. नवी गाडी नोंदवताना तिच्या स्प्रिंगा चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडतात. किपचं वजन वेसला तोंडपाठ आहे.

ती गाडी तुझ्यासाठी आहे.

त्याला सगळं मान्य झालंय. तुझ्याआधी झालंय. तो स्वतःच्या पुढच्या हिवाळ्याची तयारी करत नाहीये, तुझ्या हिवाळ्याची करतोय. त्याला म्हणावं, गाठ मारून लपवलंस पण दोरी बाहेर राहिली.

आता माझं मत पूर्वीपेक्षा पक्कं. साधीच घ्या. पुढे तुला एकटीला न्यावी-आणावी लागेल, एकटीला दुरुस्त करावी लागेल. बाईमाणसाला कमी बिघडणारी, कमी उधळणारी गाडी बरी. टर्बोचा हट्ट त्याला सोडायला लाव.

मी यायला हवं होतं. पण खेचरांना टाकून निघता येत नाही आणि मालकाला आत्ता कुणी मिळणार नाही.

रुलन


आफ्टन
१४ मार्च

दादा,

विचारलं मी त्याला. रविवारी, चर्चहून आल्यावर. तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून एल्क हरणाच्या रश्श्यात पाव बुडवत होता. मी म्हटलं, "गाडी कुणासाठी घेतोयस?"

त्याने आधी पाव संपवला. "कुणी सांगितलं?"

"दादाने."

"खेचरांत राहून हुशार झालाय तो," म्हणाला. मग बोलायला लागला. श्वास घेत, थांबत, पण मला मध्ये बोलू देईना. म्हणाला की इतकी वर्षं तू माझ्या थकलेल्या गाड्या चालवल्यास. आम्ही वर कड्यापर्यंत जायचो, आणि तुझी गाडी चढायची नाही म्हणून तू खाली झाडांच्या कडेला थांबायचीस. उतरून यावं तर तू तिथेच, गरम चॉकलेटचा थर्मास घेऊन. दर वेळी ठरवायचो, पुढच्या वर्षी हिला चांगली गाडी घ्यायची. मग पुढच्या वर्षी ट्रक बिघडायचा, नाहीतर छप्पर. "मला एकदा तुला वर नेऊन दाखवायचं होतं. आता मी नेऊ शकत नाही, पण टर्बो नेईल. लॅमार बरोबर असेल. तू वर जा."

दादा, पण खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "किप, मला वर जायचंच नव्हतं. मला खालची झाडंच आवडायची."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजाऱ्याजवळ चांगलं-चांगलं बोलणाऱ्याकडे पाहतात. "हे तू आत्ता म्हणतेस," म्हणाला, आणि उठून गेला.

तो मानायलाच तयार नाही. मी पैसे वाचवायला म्हणतेय, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणतेय, काहीही, पण खरं म्हणतेय असं नाही. मला साधी हवी, दादा. दाट झाडांत चाप दाबला की गाडीने त्याच क्षणी उचल घ्यायला हवी. टर्बो तुझा तो श्वास घेईपर्यंत समोरचं झाड आलेलं असतं. आणि हलकी हवी, कारण तिथे गाडी हाताने नाही, अंगाने वळवायची असते.

आता तुझ्याबद्दल. साधी घे, कारण बाईमाणूस एकटी, असं तू लिहिलंस. उत्तर बरोबर, कारण चूक. अर्धे मार्क. बर्फाच्या रस्त्यावर मी चाळीस पोरांची बस रोज चालवते ती काही कमी उधळत नाही. एकाला वाटतं मला शिखर हवंय, दुसऱ्याला वाटतं मला जपून ठेवायला हवं. मी गाडी कशी चालवते ते तुम्हा दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही.

रागाने लिहितेय. पाठवते तसंच.

डार्ला


आफ्टन
१६ एप्रिल

दादा,

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः वेसकडे गेले. किपने टर्बो लिहून ठेवली होती. मी ती काढून साधी करायला सांगितली. वेस म्हणाला, किपला विचारून येतेस का? मी म्हटलं, वजन माझं ना? मग गाडीही माझी.

घरी येऊन सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणाला आणि खिडकीजवळ जाऊन बसला. तेव्हापासून गाडीचा विषय घरात नाही. इतके महिने ज्या विषयाला कंटाळले होते तो आता नाही तर घर ओकंबोकं वाटतंय.

डार्ला


सॅमन नदीची दरी
७ मे

डार्ला,

मी किपला लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं. चार ओळी. त्यातलं एवढंच तुला सांगतो. त्याचं म्हणणं, साधी गाडी चटकन विकली जाते, म्हणून तिने ती घेतली. "मी गेलो की ती डोंगराकडे पाठ फिरवणार आणि घरात बसून म्हातारी होणार," हे त्याचे शब्द. "तुझ्यासारखी," असंही पुढे लिहिलंय, म्हणजे माझ्यासारखी. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. थोडं घेतलंय.

तू त्याला कितीही सांगितलंस तरी पटणार नाही. तुलाच करून दाखवावं लागेल.

अर्ध्या मार्कांबद्दल आभारी आहे. शाळेत मला तेवढेच पडायचे.

उन्हाळ्यात यायचं बघतो. पण गवत कापणीला इथे मी एकटाच.

रुलन


सेंट जॉर्ज, युटा
२८ नोव्हेंबर

दादा,

पत्ता बघून समजलंच असेल. आम्ही खाली आलो.

डॉक्टर बाईंनी पहिल्या बर्फाच्या आत निघायला सांगितलं होतं. पण किप हटून बसला. गाडी आली की तिचा आवाज ऐकेन, मग निघू. ती यायला उशीर झाला. आम्ही थांबलो. खोऱ्यात दोनदा बर्फ पडला. शेवटी वेस ट्रेलरवर घेऊन आला आणि अंगणात तिला सुरू केलं. किप ट्रकमध्ये काच खाली करून बसला होता. डोळे मिटून ऐकलं त्याने. मग म्हणाला, "साधीचा आवाज गोड असतो, हे मात्र खरं." एप्रिलनंतर गाडीबद्दल तेवढंच बोलला.

त्याच आठवड्यात सकाळी नाश्त्याच्या वेळी त्याचे ओठ निळे पडले. अँब्युलन्स, आयडाहो फॉल्स, तिथे बरेच दिवस. सुटल्यावर थेट इकडे आणलं. इथे लाल खडक आहेत, दारात डाळिंबाचं झाड आहे आणि म्हातारे लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. त्याचा श्वास खरंच सुधारलाय. आता बोलताना मध्ये थांबत नाही. माझी बस दुसऱ्या कुणाला दिली. आफ्टनचं घर बंद आहे. गाडी गॅरेजात, तिच्यावर जुनी गोधडी टाकून आलेय. पट्ट्याला अजून बर्फ लागलेला नाही.

ती विकायची असं वेसला सांगणार आहे. किपला टाकून मी साताठ तास लांब कशी जाणार? नर्स दिवसातून एकदा येते. रात्रंदिवस जवळ कुणीतरी लागतं. किपला वाटलं होतं तसंच झालं, फक्त त्याने सांगितलेल्या कारणाने नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. म्हणून काय होणार आहे, तेही मला ठाऊक आहे.

डार्ला


सॅमन नदीची दरी
१२ डिसेंबर

डार्ला,

गाडी विकू नकोस.

खेचरं, गवत, मालक ही सगळी मी पुढे केलेली ढाल होती. तुला ते माहीतच होतं, पण तू कधी बोलली नाहीस. मार्वा गेली त्या वर्षी मी तिच्या खोलीत बसून तिचा श्वास ऐकायचो. एक गेला, आता दुसरा येतो का. ती गेल्यावर मला कुठल्याच घरात बसवेना. जिथे शांतता असेल तिथे तो आवाज यायचा. इथे नदी आहे. ती एवढा आवाज करते की दुसरं काही ऐकूच येत नाही. मी इथे राहिलो ते त्यासाठी.

आता किपजवळ बसायचं म्हणजे पुन्हा तेच ऐकायचं. तुझं पत्र आल्यापासून मी रोज ठरवतो आणि रोज मोडतो. आज वैमानिकाकडे मालकासाठी चिठ्ठी दिली, म्हणजे आता मला मोडता येणार नाही. जानेवारीअखेर त्याचा पुतण्या इथे येईल आणि त्याच विमानाने मी निघेन.

मला जमेलच असं वचन देत नाही. जमलं नाही तर मी अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली बसेन, पण पळून जाणार नाही. तू आफ्टनला जा. घर उघड. गाडीला बर्फ दाखव.

रुलन


सेंट जॉर्ज
३ फेब्रुवारी

डार्ला,

तू जाऊन चार दिवस झाले. रोज संध्याकाळी फोन करतेस, तरी लिहितोय. फोनवर मला फक्त "हं" म्हणता येतं, आणि किप शेजारी बसून माझं "हं" सुद्धा दुरुस्त करतो.

पहिल्या दिवशी मी दोनदा अंगणात गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा किपने आतून हाक मारली. म्हणाला, "रुलन, बाहेर बसून मी मेलो की नाही हे तुला कसं कळणार? आत ये आणि नीट लक्ष ठेव." मी आत आलो. त्याच्या यंत्राचा आवाज मोठा आहे, नदीएवढा नाही, पण चालतो. आता तो झोपतो आणि मी शेजारी बसून पेपर वाचतो. दोन पानं वाचून होतात तरी मी श्वास मोजलेले नसतात. नवलच आहे.

दिवसभर आमचं भांडण चालतं. तो अजूनही टर्बोच्याच बाजूचा. मी साधीच्या. काल नर्सने विचारलं, हे दोघं कशावरून ओरडताहेत? मी सांगितलं, सहा हजार फूट खाली बसून नऊ हजार फुटांवरच्या हवेवरून.

खरं काम हे. तू रोज फोनवर सांगतेस, घर झाडलं, नळ बघितला, चर्चच्या बायका भेटल्या. गाडीचं नाव नाही. तोही विचारत नाही. फोन ठेवला की म्हणतो, तिने गोधडी काढलेली नाही, आवाजावरून कळतं. मग जेवत नाही. विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर काय, याचीच त्याला भीती वाटते.

तेव्हा मी विचारतो. कशासाठी थांबली आहेस?

रुलन


आफ्टन
९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र काल आलं. तोवर तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं गेलं होतं, पण नीट सांगते. फोनवर सगळं सांगता आलं नाही.

थांबले होते कारण एकटीने सुरुवात करवत नव्हती. गॅरेजात जायचे, गोधडीवर हात ठेवायचे, परत यायचे. परवा सकाळी लॅमार दारात. म्हणाला, ग्रेज नदीकडे निघालोय, भाऊ पण आहे, येतेस का? आवाजावरून कळलं की किपने त्याला फोन केलेला नाही. तो त्याच्या मनानेच आला होता. मी थर्मास भरला आणि निघाले.

वर गेलो तर रात्रीत दोन फूट नवा बर्फ पडलेला. भुसभुशीत, पिठासारखा. लॅमारने कड्याखाली खड्डा खणून थर पाहिले आणि फावडं टाकलं. खालचा थर सुटा होता. आज उभ्या चढावर जो जाईल तो बर्फ अंगावर घेऊनच येईल. दोघं भाऊ आपापल्या टर्बोगाड्यांजवळ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. परत जाऊ, लॅमार म्हणाला. दुसरं काय करणार?

मी म्हटलं, "झाडांत चला. तिथे बर्फ झाडांनी धरून ठेवलेला असतो."

पुढे मीच. दादा, ती गाडी. मी नुसता खांदा टाकला की वळते. ओढा ओलांडला, आडव्या उतारावरून फरच्या झाडांच्या खोडांमधून नेली, जिथे उजवीकडे दरी आणि डावीकडे फांद्या. चाप दाबायचा, सोडायचा, दाबायचा. ती माझ्या मनातलं ऐकते. मागे लॅमारचा भाऊ एकदा अडकला. मग लॅमार एका फरच्या बुंध्याजवळच्या खळग्यात गेला, गाडीसकट. मी परत आले, पायांनी बर्फ तुडवला, दोघांनी मिळून त्याचं ते जड धूड ओढलं. तो घामाघूम. मी थर्मास दिला.

झाडं संपतात तिथे एक लहानशी मोकळी जागा आहे. तिन्ही बाजूंनी दाट झाडं आणि समोर अख्खं खोरं, नदीपासून आमच्या चर्चच्या शिखरापर्यंत. लॅमारने हेल्मेट काढलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आयुष्यभर मी या डोंगरावर येतोय. ही जागा तुला कशी माहीत?"

"तुमची वाट बघताना सापडली," मी म्हटलं.

तो हसला नाही. "आणि असं चालवायला कधी शिकलीस?"

"तेव्हाच. तुम्ही वर गेलात की मला चांगला तासभर मिळायचा."

"किपला माहीत आहे हे?"

मी थर्मास बंद केला आणि गाडी सुरू केली. संध्याकाळी किपला फोन केला. तू शेजारीच होतास, पण त्याच्या कानाला काय ऐकू येत होतं ते तुला कळलं नसणार. मी सगळं सांगितलं. ओढा, आडवा उतार, फरचा खळगा, ती मोकळी जागा. आणि हेही, की त्याच्या जुन्या गाड्यांवर मी तिथे दर हिवाळ्यात जात होते, एकटी. कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही वरून आलात की तुमच्याच कड्याच्या गोष्टी इतक्या चालायच्या की माझी पाळी यायच्या आत थर्मास संपायचा.

मला वाटलं, आता दुखावणार. पण तो हळूच म्हणाला, "म्हणजे तू एकटी थांबलेली असायचीस म्हणून मी दर वेळी लवकर खाली यायचो, ते उगाचच?"

"हो," मी म्हटलं. "आणि तू लवकर यायचास म्हणून मला झाडांतून जीव घेऊन परत जागेवर यावं लागायचं."

त्यावर तो जो हसायला लागला तो खोकल्यापर्यंत. तू फोन हिसकावून घेतलास आणि मला ओरडलास, "काय सांगितलंस तू याला?" मलाही हसू आवरेना, म्हणून फोन ठेवला.

तर हे सांगितलं. त्याला आता खोकला नसेल तर हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

शनिवारी निघणार होते. आता पुढच्या बुधवारी निघते. उद्यापासून पुन्हा बर्फ आहे म्हणतात.

डार्ला